गुहेतल्या चिंचोळ्या वाटा आणि परतीचा प्रश्न

कातळखोबण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळी सरली की मेघालयच्या सहली सुरू होतात आणि मावस्माई गुहेतले फोटो सगळ्यांच्या फोनवर येऊन पडतात. मावस्माईबद्दल माझी काही तक्रार नाही. दीडेकशे मीटरची वाट, आत विजेचे दिवे, पुढे-मागे माणसं, एखाद-दुसऱ्या जागी अंग चोरून निघावं लागतं, एवढंच. मला काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. तिथून बाहेर पडलेली पोरं विचारतात, "अजून एखादी गुहा आहे का, जिथे दिवे नाहीत, गर्दी नाही, खरंखुरं सरपटत जायचं?" आणि नेतो म्हणणारा कुणीतरी भेटतोच. आमच्या प्रस्तरारोहणाच्या वर्गातल्या एका मुलाने असा व्हिडिओ दाखवला. उतरती फट, डोकं आधी, दोन्ही हात पुढे ताणलेले, आणि मागून मित्र तळव्यांना धरून ढकलतोय. दोघंही हसतायत. बघताना पोटात गोळा आला, म्हणून हा धागा काढतोय.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला गुहेची सवय आहे असं आपण धरून चालतो. पण ती सवय लेण्यांची आणि गडावर मुक्काम टाकायच्या गुहांची. बसाल्ट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे चुनखडीच्या प्रदेशात पाण्याने पोखरलेल्या मैलोन्मैल गुहा असतात तशा आपल्याकडे होत नाहीत. आपल्या बहुतेक गुहा छिन्नीने खोदलेल्या, माणसाने माणसासाठी खोदलेल्या, म्हणून त्यात माणूस मावतो. चुनखडीतली फट कुणासाठी केलेली नसते. ती पुढे रुंद होईल, वळेल की बंद होईल, हे आत शिरणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नटी पटी गुहेची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल, पण बहुतेक ठिकाणी ती भयकथा म्हणून सांगतात आणि शिकण्यासारखं सगळं गळून जातं. ही गुहा १९६० मध्ये सापडली. खालून वर येणाऱ्या गरम पाण्याने खडक पोखरून ती तयार झाली, त्यामुळे तिच्या वाटा कशाही वळतात, चढतात, घसरतात आणि मध्येच संपतात. कठीण गुहा अशी तिची ख्याती नव्हती. उलट घरची मंडळी, शाळकरी मुलं, बालवीरांची पथकं तिथे हौसेने जायची. १९९९ ते २००४ या काळात सहा जण वेगवेगळ्या वेळी आत अडकले. सगळे सुटले, पण त्यातल्या एकाला काढायला चौदा तास लागले. २००६ मध्ये गुहेला दार बसवून ती बंद केली आणि मे २००९ मध्ये परवान्याची पद्धत लावून पुन्हा उघडली.

त्याच वर्षी २४ नोव्हेंबरच्या रात्री वैद्यकशास्त्र शिकणारा २६ वर्षांचा एक तरुण सुट्टीत भाऊ आणि मित्रमंडळींबरोबर आत गेला. उंची सहा फुटांच्या आसपास. लहानपणी घरच्यांबरोबर गुहा फिरलेला, म्हणजे अगदी कोरा नव्हता. 'बर्थ कॅनाल' नावाची एक चिंचोळी वाट तिथे प्रसिद्ध आहे, तिच्या शोधात तो दुसऱ्याच फटीत शिरला. ही फट नकाशावर नव्हती. पुढे जागा मोकळी होईल या भरवशावर तो डोकं खाली घालून सरकत राहिला. पुढची जागा जेमतेम २५ सेंटिमीटर उंच आणि ४५ सेंटिमीटर रुंद होती. तिथे तो जवळजवळ उलटा, डोकं खाली आणि पाय वर, असा रुतला.

भाऊ मागून आला. त्याच्या घोट्यांना धरून ओढून पाहिलं, हलेना. पहिली बचावकर्ती पोचली ती एक बारीक चणीची बाई, मध्यरात्र उलटून गेल्यावर. तिला दिसत होते फक्त बुटांचे तळवे. पुढचा सगळा दिवस शंभरावर माणसं राबली. खडकात भोकं पाडून कप्प्या बसवल्या, दोर लावला, थोडं थोडं वर ओढलं. मध्येच कप्पीचा एक आधार खडकातून उपसून आला, पुढे असलेल्या बचावकर्त्याच्या तोंडाला जबर मार बसला आणि वर आलेला माणूस पुन्हा खाली घसरला. २५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास, अडकून सत्तावीस-अठ्ठावीस तास झाल्यावर, तो गेला. मृतदेह काढायचा तर आणखी कुणाचा जीव धोक्यात घालावा लागणार होता, म्हणून घरच्यांच्या आणि जागेच्या मालकांच्या संमतीने तो आतच ठेवला आणि गुहेचं तोंड काँक्रीटने कायमचं बंद केलं.

मला यातून पोरांना एकच गोष्ट सांगायची असते. आत जाताना उतार तुमच्या बाजूने असतो, श्वास सोडून छाती आवळली की आणखी चार बोटं जागा मिळते, आणि मागून ढकलणारा मित्र असतो. परत येताना यातलं काहीही तुमच्या बाजूने नसतं. चढ उलटा, श्वास कोंडलेला, ओढणाऱ्याच्या हाताला फक्त तुमचे पाय. तेव्हा "मी आत मावतो का" हा प्रश्नच चुकीचा आहे. डोकं आत घालायच्या आधी विचारायचं ते "इथून उलट्या पावली, चढावर, दमलेल्या अंगाने मी बाहेर येऊ शकतो का".

ज्यांना गुहांचा, बचावकार्याचा, वैद्यकाचा अनुभव आहे त्यांनी भर घालावी. मतभेद असतील तर तेही लिहा.

---

नवशिका_ट्रेकर

कातळखोबण दादा, वाचून सुन्न झालो. एक प्रश्न आहे, बालिश वाटला तर माफ करा. इतकी माणसं, इतकी सामग्री, दोर लावून जोरात ओढलं असतं तर? फार तर पाय मोडला असता, पण जीव वाचला असता ना?

---

कातळखोबण

प्रश्न अजिबात बालिश नाही, तिथेही हा विचार झाला होता. अडचण फटीच्या आकाराची. तो ज्या कोनात खाली गेला होता त्या कोनात त्याचं शरीर कमरेपाशी वळलेलं होतं. सरळ मागे ओढलं की पाय वरच्या छताला टेकायचे आणि पुढे जागाच नव्हती. गुडघा उलट्या बाजूला वाकत नाही. पाय मोडून ओढायचं म्हटलं, तर इतके तास उलट्या लटकलेल्या माणसाला तो धक्का सोसणार नाही ही भीती होती.

दुसरं, शंभर माणसं बाहेर असली तरी आत एका वेळी एकच माणूस त्याच्यापर्यंत पोचू शकत होता, तोही पोटावर झोपून, हात पुढे करून. दमला की त्याने सरपटत मागे यायचं आणि मग दुसऱ्याने सरपटत पुढे जायचं. प्रवेशापासून अंतर साधारण सव्वाशे मीटर, पण एका फेरीलाच भरपूर वेळ लागतो. आपण डोंगरात अपघात झाला की म्हणतो, "माणसं बोलवा." कड्यावर पंधरा माणसं दोर ओढू शकतात. फटीत पंधरा माणसांचा उपयोग एकाएवढाच.

---

भूलवैद्य

मी भूलतज्ज्ञ आहे, गुहांमधलं काही कळत नाही, पण उलटं लटकल्यावर शरीरात काय होतं ते लिहितो.

आपलं शरीर उभं राहण्यासाठी बनलं आहे. पायाकडचं रक्त वर आणायला शिरांमध्ये झडपा आहेत, डोक्याकडचं रक्त मात्र आपल्या वजनाने खाली येतं. माणूस उलटा झाला की डोक्यात रक्त साचतं, चेहरा सुजतो, मेंदूवर दाब येतो. हृदयाला सतत उलट्या बाजूने काम करावं लागतं. त्यातच यकृत, आतडी, सगळा पोटाचा ऐवज खाली सरकून श्वासपटलावर बसतो. प्रत्येक श्वासाला ते सगळं वजन उचलायचं. थोडा वेळ निभतं, पण तासन् तास गेले की श्वासाचे स्नायू थकतात आणि हृदय हार मानतं. त्या तरुणाच्या बाबतीत शेवटी हेच झालं.

आता चिंचोळ्या जागेचं. पोलीस भरतीला गेलेल्यांना आठवत असेल, छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून निदान ५ सेंटिमीटर जास्त लागते. हे ५ सेंटिमीटर म्हणजे तुमच्या फुप्फुसांना लागणारी जागा. श्वास पूर्ण सोडून, छाती बारीक करून तुम्ही फटीत सरकलात, तर ती जागा तुम्ही खडकाला देऊन टाकली. पुढचा श्वास अर्धाच येणार. अर्धा श्वास आला की माणूस घाबरतो, घाबरला की भराभर श्वास घेतो, छाती फुगते आणि खडकात आणखी घट्ट बसते. बाटलीत आत ढकललं गेलेलं बूच ओढून पाहा, तसंच. म्हणून अशा वेळी बाहेरच्या माणसाने करायचं पहिलं काम म्हणजे अडकलेल्याशी शांतपणे बोलत राहणं आणि त्याचा श्वास संथ करणं. पुष्कळदा घाबरट श्वास थांबला की माणूस आपला आपण सुटतो.

थंडीचंही सांगतो. नटी पटीच्या आत तापमान साधारण १३ अंश होतं. घरात बसलात तर फार नाही, पण छाती, पोट, मांड्या थेट थंड खडकाला टेकलेल्या असल्या की खडक अंगातली ऊब ओढून घेतो आणि हालचाल नसल्याने शरीर नवी ऊब तयार करू शकत नाही. १३ अंशांतही माणूस गारठून मरू शकतो.

---

चुनखडी

धागाकर्त्यांच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण मला थोडा वेगळा सूर लावायचाय. मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी, काही वर्षं शिलाँगला होतो. अशा गोष्टी वाचून लोक "गुहा म्हणजे मरण" असं म्हणायला लागतात आणि मग दारं बसवा, बंदी घाला, असं सुरू होतं.

मेघालयात जे काम झालंय ते पाहा. तिथले स्थानिक गिर्यारोहक आणि युरोपातले गुहासंशोधक १९९० च्या दशकापासून जवळजवळ दर हिवाळ्यात एकत्र मोहिमा काढतात. जैंतिया टेकड्यांमधली क्रेम लियात प्राह ३० किलोमीटरहून लांब मोजली गेली. मावसिनरामजवळची क्रेम पुरी तर वालुकाश्मातली, २४ किलोमीटरहून जास्त लांबीची, त्या खडकातल्या गुहांमध्ये जगात सर्वांत लांब. हे सगळं पोटावर सरपटत, चिखलात लोळत, फूट न् फूट मोजून झालंय. या लोकांनी चिंचोळ्या वाटा टाळल्या असत्या तर अर्धा नकाशा झाला नसता.

फरक पद्धतीत आहे. ते फेब्रुवारीच्या आसपास जातात, पावसात नाही. कमीत कमी चार जण एकत्र, म्हणजे एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात. प्रत्येकाकडे तीन वेगवेगळे दिवे. बाहेर एका माणसाला वेळ सांगून ठेवतात की अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर शोध सुरू करा. अनोळखी उतरत्या फटीत आधी पाय जातात, डोकं नाही. खांदे बारीक व्हावेत म्हणून एक हात पुढे, एक मागे. खिशात काही नाही, कंबरेला काही नाही, बॅग दोरीने पायाला बांधून मागे ओढायची. जी फट चढावर परत येण्यासारखी नाही ती वहीत "पुढे वाट जाते, गेलो नाही" अशी लिहून सोडून देतात. हे वाक्य मी कितीतरी नकाशांवर पाहिलंय आणि मला ते सगळ्यात धाडसी वाटतं.

आणखी एक, पाण्याचा धोका अडकण्याहून मोठा आहे, तो या धाग्यात यायला हवा. २४ जून १९६७ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये मॉसडेल गुहेत सहा तरुण बुडाले. वर पाऊस झाला, नाला फुगला आणि आतल्या सरपटायच्या वाटा छतापर्यंत भरल्या. बुटक्या वाटेतून पाणी यायच्या आत मागे पळता येत नाही. मावसिनराममध्ये वर्षाला ११,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथल्या गुहा त्याच पाण्याने कोरल्यात, हे विसरून चालणार नाही.

---

कातळखोबण

चुनखडी, तुम्ही लिहिलंत ते सगळं मान्य. बंदी घाला असं मला म्हणायचंच नव्हतं. नटी पटीला दारही होतं आणि परवानाही होता, तरी जायचं ते झालंच. पण मला एका गोष्टीवर अडायचंय. मोहिमेचे लोक सोडून देतात ती फट पर्यटक सोडत नाही, कारण त्याला परत यायचं नसतं त्या गावात. त्याच्याकडे एकच दुपार असते आणि हातात फोन. "पुढे वाट जाते, गेलो नाही" हे वाक्य मी पुढच्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे.

फ्लॉइड कॉलिन्सचं उदाहरण इथे देतो, कारण तो पर्यटक नव्हता. केंटकीमधला जन्मभर गुहा धुंडाळणारा माणूस, १९१७ मध्ये त्याने स्वतः एक मोठी गुहा शोधली होती. ३० जानेवारी १९२५ ला सँड केव्हमधून बाहेर येताना त्याचा पाय लागून एक दगड निसटला आणि त्याच्या घोट्यावर बसला. दगड जेमतेम बारा किलोचा. हातात असता तर सहज उचलला असता. पण हात पोचत नव्हता, दुसऱ्या कुणाचाही पोचत नव्हता, कारण तो स्वतःच त्या वाटेत आडवा भरलेला होता. लुईव्हिलच्या एका वर्तमानपत्राचा किरकोळ अंगाचा बातमीदार सरपटत त्याच्यापर्यंत गेला, त्याला भरवलं, त्याच्याशी बोलला. त्या बातम्यांना पुढे पुलित्झर पुरस्कार मिळाला. वर हजारोंची जत्रा जमली. ४ फेब्रुवारीला मधली वाट ढासळली आणि अन्न पोचणंही थांबलं. मग बाजूने खड्डा खणायला घेतला. १६ फेब्रुवारीला माणसं त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा तो जाऊन सुमारे तीन दिवस झाले होते. जमिनीपासून खोली सतरा मीटरच्या आसपास. एवढ्या खोलीच्या विहिरी आपल्या गावागावात आहेत.

कॉलिन्स एकटा गेला होता. मागे एक जरी माणूस असता तरी निदान मदतीची हाक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली नसती.

---

कृष्णाकाठ

आमच्या सांगली जिल्ह्याचा संबंध आहे म्हणून लिहितोय. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत फुटबॉलच्या संघातली बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पाण्यामुळे अडकले होते, तेव्हा गुहेतलं पाणी उपसायच्या कामात किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही गेले होते. किर्लोस्करवाडीच्या आसपासच्या घरांमध्ये तेव्हा रोज तीच चर्चा. मुलं २३ जूनला आत गेली, २ जुलैला ब्रिटिश पाणबुड्यांना सापडली, ८ ते १० जुलैच्या दरम्यान बाहेर आली. एका जागी वाट ३८ सेंटिमीटरची, तीही पाण्याखाली. पाणबुड्यांना पाठीवरची टाकी काढून आधी पुढे सरकवावी लागायची. मुलांना गुंगीचं औषध देऊन, अक्षरशः सामानासारखं बांधून आणलं, कारण जागं असलेलं मूल त्या फटीत घाबरलं असतं तर दोघंही गेले असते.

मुलं वाचली हे सगळ्यांना आठवतं. पण ६ जुलैला समान कुनान हा थाई नौदलाचा माजी जवान आत हवेच्या टाक्या ठेवून परतताना गेला. आणखी एक जवान तिथेच लागलेल्या संसर्गाने पुढच्या वर्षी गेला. मला वाटतं, चिंचोळ्या गुहेत शिरणाऱ्याने हाही हिशोब मनात धरावा. तुम्ही अडकलात तर तुमच्यामागे कुणीतरी सरपटत येणारच आहे, आणि त्यालाही घर आहे.

---

गडवाट

सह्याद्रीत धोका नाही असा कुणाचा समज होऊ नये म्हणून दोन गोष्टी.

गडावर गेलं की "इथून भुयार थेट खालच्या गावात निघतं" असं सांगणारा भेटतोच. बहुतेक जागी ते बुजलेलं टाकं, धान्याचं कोठार किंवा चोरवाटेचा गाळाने भरलेला तुकडा असतो. पोरं बॅटरी घेऊन आत घुसतात. वरची माती दर पावसाळ्यात भिजून सैल झालेली. कॉलिन्सची वाट ढासळली तशी ही ढासळायला कितीसा वेळ? वटवाघळांची विष्ठा साचलेली असेल तर तिच्या धुळीतून बुरशीचा फुप्फुसांचा आजार होतो, आणि दारात आग्यामोहोळ असेल तर चिंचोळ्या तोंडातून मागे पळायलाही जागा नाही.

दुसरी हवा. पडक्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडून बघायची पद्धत आमच्या आजोबांच्या पिढीत होती. कंदील विझला तर उतरायचं नाही. पद्धत चांगली, पण अपुरी. ज्योत विझते ती प्राणवायू बराच कमी झाल्यावर. कार्बन डायऑक्साइड चार-पाच टक्क्यांवर गेला की माणूस धापा टाकायला लागतो, डोकं ठणकतं, आणि ज्योत मात्र जळत असू शकते. आपण सोडतो त्या श्वासातच तो वायू साधारण चार टक्के असतो. बंद फटीत, जिथे वारा खेळत नाही, तिथे माणूस स्वतःच्याच श्वासाने हवा खराब करत जातो.

१९५९ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या पीक कॅव्हर्नमध्ये हेच झालं. ऑक्सफर्डचा वीस वर्षांचा विद्यार्थी एका उभ्या, अरुंद भोकात शिडीवरून उतरला आणि वर येताना अडकला. त्याच्या श्वासातला जड वायू तळाशी साचत गेला. त्याच्याकडे उतरलेले बचावकर्ते एकामागून एक बेशुद्ध व्हायला लागले. ओढायला लावलेला दोरही तुटला. मुलगा गेल्यावर वडिलांनी विनंती केली की मृतदेहासाठी आणखी कुणी जीव धोक्यात घालू नये, आणि तो तिथेच राहिला.

---

सॉल्टलेकवासी

मी नोकरीनिमित्त युटामध्ये राहते. नटी पटी इथून गाडीने तासा-दीड तासावर. बाहेरून काही नाही, उघडी टेकडी, खुरटी झुडपं, बंद केलेलं तोंड आणि एक स्मृतिफलक. इथले लोक त्या गुहेविषयी बोलताना आवाज खाली करतात, कारण पुष्कळांनी शाळेत असताना तिथे सहल केलेली असते. माझ्या ऑफिसातल्या एकीने सांगितलं की त्यांच्या वेळी "अडकलास तर श्वास सोड" एवढीच सूचना द्यायचे. भूलवैद्यांचा प्रतिसाद वाचल्यावर कळलं की ती सूचना बाहेर येतानाची आहे, आत जाताना वापरायची नाही. हे आधी कुणी नीट सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

---

नवशिका_ट्रेकर

डॉक्टर, माणूस खूप वेळाने सुटला तर लगेच पाणी पाजायचं, चालवायचं का? की आडवंच ठेवायचं?

---

भूलवैद्य

आडवंच ठेवा, उबदार गुंडाळा, चालवू नका. बराच वेळ दाबलेल्या स्नायूंमधून सुटकेनंतर पोटॅशियम आणि इतर घातक द्रव्यं एकदम रक्तात येतात, हृदयाचा ठोका बिघडू शकतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. भूकंपात ढिगाऱ्याखालून काढलेल्या लोकांचं होतं तेच. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी ठीक, पण दवाखान्यात न्यायलाच हवं, जरी तो "मला काही झालं नाही" म्हणत असला तरी.

---

माऊली_६८

मी इथे फक्त वाचायला येते, पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा जानेवारीत कॉलेजच्या ग्रुपबरोबर मेघालयला चाललाय, कार्यक्रमात "केव्हिंग" असं लिहिलंय. धागा वाचून झोप उडाली. त्याला जाऊ नको म्हणायचं नाहीये मला, हौस आहे त्याची. पण नेणाऱ्यांना नेमकं काय विचारू?

---

चुनखडी

ताई, घाबरू नका, जानेवारी हा तिकडचा कोरडा काळ आहे. आधी गुहेचं नाव विचारा. नाव सांगता आलं नाही किंवा "तिथे गेल्यावर ठरवू" म्हणाले तर तिथेच थांबा. मावस्माई, अरवाह अशा दिवे लावलेल्या पर्यटकांच्या गुहा असतील तर चिंता नाही. त्यापलीकडची असेल तर विचारा की वाटाड्या त्या गुहेत पूर्वी गेलाय का, प्रत्येकाला हेल्मेट आणि डोक्यावरचा दिवा कोण देणार, आणि बाहेर कोण थांबणार. फोनचा दिवा हा दिवा धरत नाहीत.

---

कातळखोबण

माऊली ताई, मुलाला मात्र वेगळं सांगा. त्याला म्हणावं, ज्या फटीतून तू उलटा सरकत मागे येऊ शकत नाहीस तिथे कुणी कितीही म्हणालं तरी शिरायचं नाही, आणि मागून कुणाला पाय ढकलू द्यायचे नाहीत. ग्रुपमध्ये "नको" म्हणणं त्या वयात जड जातं. तेव्हा आईने हट्ट धरलाय असं सांगायची मुभा त्याला द्या, ते सोपं पडतं.

इथे सह्याद्रीत काही झालं तर एमएमआरसीसी, म्हणजे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर, ठिकठिकाणच्या बचाव पथकांना जोडून देतं. त्यांचा क्रमांक सगळ्यांनी फोनमध्ये ठेवाच. मेघालयात मात्र स्थानिक पोलीस आणि गावचे लोक आधी पोचतात, म्हणून मुक्कामाच्या मालकाला गुहेचं नाव आणि परतायची वेळ लिहून द्यायला सांगा.

---

माऊली_६८

आत्ताच फोन केला. मावस्माई आणि अरवाह दोनच आहेत म्हणाले, हेल्मेट ते देणार. तिसऱ्या दिवशी "ऑफबीट केव्ह" असं होतं, तिचं नाव विचारलं तर त्यांना सांगता येईना. मग म्हणाले, ती काढून त्याऐवजी डावकीला नदीवर नेतो. मुलगा थोडा फुगलाय, पण त्याने हा धागा स्वतः वाचायला घेतलाय. चुनखडी दादा, त्याचा एक प्रश्न आहे, तुम्ही म्हणालात त्या हिवाळी मोहिमांत शिकाऊ मुलांना घेतात का?

---

चुनखडी

घेतात, पण आधी दोरावर चढणं-उतरणं आणि नकाशा काढणं शिकून यावं लागतं. पहिल्या वर्षी त्याच्या हातात मोजमापाची फीत आणि वही येईल, नवी फट शोधायला पुढे कुणी सोडणार नाही. चालेल का, विचारा त्याला. चालत असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, शिलाँगच्या ओळखीच्या लोकांशी गाठ घालून देतो.